मुघल कोण होणार?

बरेच दिवस एक भुणभुण डोक्यात चालली आहे, ती आज एकदाची उतरवून टाकतो. लेख जरा भांडखोर होणार. ज्यांच्याशी भांडण आहे त्यातले निम्मे नात्यातले आहेत आणि ते हे वाचतात, त्यामुळे पुढच्या कार्यात पंगतीला माझ्या शेजारी कोण बसेल सांगता येत नाही. असो.

मामा, सुरुवात तुमच्यापासून. मागच्या लग्नात तुम्ही चारचौघांत म्हणालात, "पन्नाशी आली तरी याच्या लाकडी तलवारी काही सुटत नाहीत." सगळे हसले. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं जमलं होतं. पण घरी येताना गाडीत मनाशी म्हटलं की मामा स्वतः दर रविवारी चार तास टीव्हीसमोर बसून दुसऱ्यांचं क्रिकेट बघतात, तो मोठ्या माणसाचा छंद. आणि मी दोन तास उन्हात उभा राहून गोफण फिरवायला शिकतो, तो पोरखेळ. हा हिशोब कोणी लावला?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही सात-आठ जण आहोत. एक शिंपी, एक शाळामास्तर, एक इलेक्ट्रिशियन, दोघं कंपनीतले, मी, आणि कधी असणारे कधी नसणारे एक-दोन. थंडीतल्या रविवारी आम्ही रामशेजच्या पायथ्याला, आशेवाडीकडच्या एका ओळखीच्या शेतात जमतो आणि १६८२ साली इथला माणूस जसा राहिला असेल तसं एक दिवस राहायचा प्रयत्न करतो. तसे कपडे, तसं खाणं, तशी कामं. लाठी, फरी-गदका आणि पट्टा शिकतो. शिकवणारा मर्दानी खेळ खेळलेला आहे, कोल्हापूरकडचा, आणि तोंडाचा फटकळ. बारूद नाही, कायदा आहे आणि घरचेही आहेत.

चहा नाही. हा नियम पाळणं सगळ्यात जड जातं. बटाटा, टोमॅटो, साबुदाणा यांपैकी काही नाही. आणि मिसळ नाही. नाशकातल्या माणसाने रविवारी सकाळी मिसळीच्या रांगेकडे पाठ करून पेठ रोडला लागायचं, यात काय वैराग्य आहे ते बाहेरच्याला कळणार नाही.

बाहेरच्या जगात हे काही नवं नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १ मे १९६६ ला काही मित्रमंडळींनी एका घराच्या परसात मध्ययुगीन पोशाख घालून लुटुपुटूची द्वंद्वं लावली. (आपल्याकडे त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती.) त्यातून उभी राहिलेली संस्था आज कित्येक देशांत पसरली आहे. फ्रान्समध्ये गेदलों नावाच्या जागी १९९७ पासून काही माणसं तेराव्या शतकातल्या पद्धतीने, तसल्याच हत्यारांनी एक अख्खा किल्ला बांधतायत. दगड तिथलाच, आणि वजन उचलायला माणसाने आत चालून फिरवायचं लाकडी चाक. मी त्याबद्दल वाचलं तेव्हा पहिला विचार आला, की अरे, हा तर दिवाळीतला किल्ला! फक्त यांना कोणी आंघोळीला हाक मारली नाही.

आपल्याकडे हा छंद नाही असं म्हणणाऱ्यांनी नाशकातली धुळवड आठवावी. देव्हाऱ्यातला वीराचा टाक काढायचा, नारळाबरोबर बांधायचा, हलगीच्या तालावर गंगेवर न्यायचा. (गंगा म्हणजे गोदावरी, नाशिकबाहेरच्यांसाठी.) बरोबर घरातली पोरं देव नाहीतर राजे बनून. मीही बनलो आहे. काजळाच्या मिशा, आईच्या जरीच्या काठाचा फेटा, आणि रामकुंडाच्या पायऱ्यांवर आपण खरोखर कोणीतरी आहोत अशी सहा वर्षांच्या पोराची पक्की खात्री. मिशा पुसल्या की ती खात्री गेली. मग शाळा, सनावळ्या, पाच मार्कांची टीप द्या. मग मोठेपणी इतिहास म्हणजे फोनवर येणारे फॉरवर्ड, भगव्या अक्षरांतले, शेवटी "मराठी असाल तर पुढे पाठवा" लिहिलेले.

मुद्दा इथे आहे. या फॉरवर्डमध्ये अभिमान भरपूर असतो. नवल औषधालाही नसतं.

अभिमानाला काही शिकावं लागत नाही हो. तो सोफ्यावर बसल्या बसल्या येतो. रामशेजचंच घ्या. "अवघ्या काही शे मावळ्यांनी औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं झुंजवलं." हे वाक्य मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं आहे, आणि शंभरही वेळा मान डोलावून पुढे गेलो आहे. त्यावर एकही प्रश्न पडला नाही. प्रश्न पडला तो गोफण हातात आल्यावर.

गोफण आम्ही आशेवाडीच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून शिकलो. त्यांनी लहानपणी बाजरीत माळ्यावर बसून पाखरं राखलेली. आमच्या नव्या सुती दोरीची गोफण त्यांनी हातात घेतली, दोन बोटांत चुरगाळली आणि "ही माणसालाच लागंल" म्हणून परत दिली. ते खरं ठरलं. पहिल्या दिवशी माझा दगड मागे गेला, दुसरा सरळ वर, तिसरा मास्तरांच्या डब्यावर. दोरीचं एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत धरायचं, आणि फिरवता फिरवता नेमक्या क्षणी चिमटी सोडायची. तो क्षण डोक्याला कळत नाही, मनगटाला कळतो, आणि मनगटाला कळायला मला तीन महिने लागले. ज्या दिवशी पहिल्यांदा दगड सणसणत गेला आणि समोरच्या बांधावर फुटला, त्या दिवशी आम्ही सगळे एकदम गप्प झालो. दगड फुटला होता! हाताने फेकून माझ्याच्याने तो बांधापर्यंत पोचलाही नसता.

मग वर गडाकडे बघितलं. रामशेज काही साल्हेर नव्हे. साल्हेरकडे नुसतं बघून छाती दडपते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे, रामशेज नाही. रामशेज म्हणजे बुटका, एकटा पडलेला डोंगर. सावकाश चढलं तरी तासाभरात माथा. वर रामाची गुहा, टाकी, भवानीचं देऊळ. ना जंगलाचा आडोसा ना बिकट कडेकपारींची रांग. माझ्यासारखा ढेरपोट्या जिथे तासाभरात जातो तिथे शहाबुद्दीन खानाच्या फौजेला का जाता आलं नाही? वरच्यांनी धान्य कसं पुरवलं? दमदमे म्हणजे लाकडी उंचवटे रचून तोफा चढवल्या म्हणतात, तर तेवढं लाकूड आलं कुठून? आणि गडावर धातूच्या तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या केल्या, त्यावर कातडं चढवलं, ते नेमकं कसं?

ते लाकडी तोफेचं आम्ही करून बघायचं ठरवलं. डागायची नाही, नुसती पोखरायची. बाभळीचा एक ओंडका आणला. पटाशी आणि हातोडी घेऊन चार रविवार आळीपाळीने बसलो तेव्हा जेमतेम हातभर भोक पडलं, तेही वाकडं. इलेक्ट्रिशियन रडवेला होऊन म्हणाला, "ड्रिल आणू का?" नाही आणलं. तो ओंडका अजून तिथेच पडून आहे, त्यात आता पाली राहतात. पण त्यानंतर "लाकडी तोफा केल्या" हे तीन शब्द मला पहिल्यासारखे भरभर वाचता येत नाहीत. दर वेळी हात दुखतात.

मामा, पोरखेळ म्हणता तो हा. मला वाटतं पोरांनाच तो जमतो, कारण पोरं "कसं?" विचारतात. आपण मोठे झालो की "किती भारी!" म्हणतो आणि विषय संपवतो.

आता दुसरं भांडण, आणि हे खरं.

वेढा म्हटलं की दोन बाजू आल्या. वरचे आणि खालचे. पहिल्या हिवाळ्यात आम्ही एक रात्र राखायची ठरवली, तिघं वर, बाकी खाली छावणीत. आणि लक्षात आलं की मुघल व्हायला कोणी तयार नाही. एक जण म्हणाला पाठ दुखते, एक म्हणाला घरी कळलं तर. एकाने चक्क सुचवलं की मुघलांचे पुठ्ठ्याचे पुतळे करू. शेवटी मी म्हटलं, मी होतो. आमच्या शिंप्याने जामा शिवला. तो शिवताना त्याने एक गोष्ट शोधून काढली. जुन्या मुघल चित्रांत जाम्याचे बंद मुसलमान सरदार उजव्या काखेत बांधतो आणि हिंदू सरदार डाव्या. तो शिवण थांबवून विचारायला लागला, "तू कोणता? खान का रजपूत? बंद कुठे लावू?" कारण खालच्या फौजेत दोन्ही होते. रजपूत होते, बुंदेले होते, मराठेही होते.

इथे माझ्या धाकट्या भावाचा पारा चढला. तो पहिल्या दिवसापासून आमच्यात होता. लहानपणी दिवाळीत आम्ही दोघांनी मिळून किल्ले केले. माती त्याने कालवायची, बुरूज मी. अळीव उगवले की गवत म्हणून कौतुक करत बसायचं. त्या किल्ल्यावर अफझलखान होता, वाघ होता, एक विमान होतं, आणि खानाची मुंडी तुटली म्हणून रडलेलाही हाच होता. तो म्हणाला, "दादा, हा जामा घालून तुझा फोटो कोणी फिरवला तर? बाबांना कॉलनीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. आणि मुळात महाराजांच्या शत्रूचं सोंग घ्यायचं कशाला?" मी काहीतरी तिरकस बोललो. त्यानंतर तो आला नाही. दुसरा हिवाळा चाललाय.

त्याच्या भीतीला मी वेडेपणा म्हणणार नाही. दिवस तसे आहेत, एका फोटोवरून माणसाचं काय होतं ते आपण बघतो. पण "शत्रूचं सोंग कशाला" याचं उत्तर त्या दिवशी मला सुचलं नाही, ते आता देतो.

एक तर, रामशेजची जी गोष्ट आपण छाती फुगवून सांगतो, त्यातली निम्मी मुघलांच्याच बाजूच्या माणसाने लिहून ठेवलेली आहे. लाकडी तोफा खाफीखानाने लिहिल्या. तो सोन्याचा नाग घेऊन पुढे निघालेला मांत्रिक, आणि गडावरून सणसणत आलेला दगड छातीवर बसून नाग हातातून उडाला, हेही त्याच्याच पुस्तकात. आपल्या सैन्याची फजिती त्याने जीव लावून लिहिली. त्याला नवल वाटलं म्हणूनच लिहिली ना? मग त्या नवलाच्या जागी उभं राहून बघायला मला लाज का वाटावी?

इंग्लंडात दर ऑक्टोबरच्या आसपास हेस्टिंग्जची १०६६ ची लढाई तिथल्याच मैदानावर उभी करतात. त्यात नॉर्मन कोणीतरी होतंच, आणि लढाई नॉर्मनच जिंकतात. पोलंडात ग्रुनवाल्डला दर जुलैत १४१० ची लढाई होते. ट्युटॉनिक सरदारांचे पांढरे झगे चढवायला तिथे पोलिश माणसं मिळतात, दर वर्षी हरायला. मग घरी जाऊन कोणी त्यांना देशद्रोही म्हणत असेल असं वाटत नाही.

दुसरं, आणि हे माझ्या धाकट्याला: आपल्या देव्हाऱ्यातला तो वीराचा टाक कोणाचा आहे? मी आजीला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "लढाईत गेला." कोणत्या लढाईत? "लढाईत." कोणाच्या बाजूने? आजीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी जेवणात मीठ का असतं ते विचारलंय. शहाजीराजे निजामशाहीत होते, काही काळ मुघलांकडे गेले, नंतर आदिलशाहीत. नेताजी पालकर १६६७ साली मुसलमान होऊन मुघलांच्या चाकरीत गेले आणि १६७६ ला परत आले. खुद्द संभाजीराजे १६७८ मध्ये दिलेरखानाला जाऊन मिळाले होते, आणि चार वर्षांनी त्यांचाच हा रामशेज मुघलांशी झुंजत होता. अशा त्या काळात नाशिकच्या बाजूचा एक साधा शिपाईगडी कोणाच्या निशाणाखाली पडला असेल? ज्याला आपण दर धुळवडीला गंगेवर आंघोळ घालतो, त्याच्या जाम्याचे बंद कुठे होते, सांग.

तर ती रात्र. डिसेंबरचा शेवट, नाशिकची थंडी. मी जामा घालून खाली. चकमक झाडून विस्तव करायला पाऊण तास लागला. गार आणि पोलाद होतं, पण सावरीचा कापूस दमट निघाला. ज्वारीची भाकरी आणि पिठलं खाल्लं. दहा वाजता बोलणं संपलं. आणि वर तो डोंगर. दिवसा बुटका दिसणारा, रात्री तो बुटका राहिला नाही. मध्येच वर एक उजेड हलला, विझला, आणि दुसरीकडे लागला. आमच्यातलेच तिघं आहेत वर, त्यातला एक मास्तर आहे आणि त्याला गुडघेदुखी आहे, हे मला पक्कं माहीत होतं. तरी अंगावर काटा आला. ते तीन आहेत का तीनशे, खालच्याला कळायला मार्गच नाही. पहाटे वरून कोणीतरी हाळी दिली तेव्हा माझा हात आपोआप काठीवर गेला.

गडावरच्यांनी वर्षानुवर्षं काय केलं ते मला त्या रात्री खालून कळलं. मी आयुष्यभर वर उभा राहून "जय" म्हणत आलो होतो, तिथून हे दिसलंच नव्हतं. शेवटी १६८७ च्या सुमाराला मुघलांना गड मिळाला तो लढून नाही, पैसे चारून. ते वाक्यही मी पूर्वी चिडून वाचायचो. आता वाचताना खालच्यांची थकलेली तोंडं दिसतात.

यात महाराजांचा किंवा कोणाचा कुठे अपमान झाला, ते मला कोणीतरी समजावून सांगावं. उलट शिवजयंतीला डीजेच्या भिंतीसमोर प्लॅस्टिकची तलवार उंचावणारा, जिरेटोप घालून मोटरसायकलवर तिघं बसणारा, त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, हा पोरखेळ का? कारण तो योग्य बाजूचा पोशाख घालून असतो. मला प्रश्न पोशाखाचा नाहीच, वाटेल तो घाला. पण पट्ट्याच्या खोबळ्यात एकदा हात घालून बघा. आत मनगट वळत नाही, सगळा खेळ खांद्यातून आणि कमरेतून करावा लागतो. दहा मिनिटांत हात गळून पडतो आणि घोषणा द्यायला श्वास उरत नाही. मग माणूस जरा शांतपणे बसतो आणि विचार करतो की हे लोक दिवसभर कसं करायचे.

बाबांना मी जाम्यातला फोटो शेवटी स्वतःच दाखवला. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून बघण्यापेक्षा बरं. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चष्मा लावून त्यांनी फोटो बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता सुरू होणार. ते म्हणाले, "वर टाकी आहेत ते ठीक. पण खाली एवढं सैन्य, घोडे, बैल, सगळं चैत्र-वैशाखात.. यांना पाणी कुठून मिळायचं रे?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं. तिसऱ्या दिवशी धाकट्याला फोन करून त्यालाही विचारलं, आणि त्याने म्हणे जुना नकाशा काढून आसपासच्या ओढ्यांची यादी केली. ती यादी त्याने मला पाठवली नाही, बाबांना पाठवली. त्यातला एक ओढा मी बघितलेला नाही. तो चढाच्या उलट्या अंगाला आहे, आणि तिथे जायची वाट धाकट्याला माहीत आहे.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला पेठ नाक्यावर भेटायचं. घोंगडी आपापली आणावी, चहा पिऊन यावं. वरचे पाच झालेत. मुघल अजून दोन कमी आहेत.